जुना लॅपटॉप आणि शंकेची सीमा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सेकंड हँड लॅपटॉप घ्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या मनात दोन प्रश्न असतात. एवढ्या पैशांचा माल आहे का, आणि आत व्हायरस तर नसेल? पहिला तो मोठ्याने विचारतो. दुसरा दबक्या आवाजात, कारण त्याचे खरे उत्तर दुकानदाराकडेही नसणार हे त्याला ठाऊक असते. पहिला प्रश्न हिशेबाचा आणि दुसरा तंत्रज्ञाचा, अशी आपण वाटणी करून टाकतो. माझ्या मते दोन्ही प्रश्न एकाच जुन्या दार्शनिक प्रश्नात जाऊन मिळतात: जे दिसत नाही त्याविषयी किती शंका घ्यावी, आणि ती कुठे थांबवावी? आपल्याकडच्या नैयायिकांनी आणि मीमांसकांनी, म्हणजे न्याय आणि मीमांसा या दर्शनांच्या पंडितांनी, यावर शतकानुशतके भांडण केले. त्या भांडणातून निघालेले उत्तर या दुकानातही कामाला येते. शंका वस्तूच्या पूर्वेतिहासावर घ्यायची नसते, तिच्या आजच्या अवस्थेवर घ्यायची असते. आणि ती किती ताणायची हे आपले प्रयोजन ठरवते.

वापरलेली वस्तू पुन्हा वापरण्याजोगी केव्हा होते, याचा विचार धर्मशास्त्राने द्रव्यशुद्धीच्या प्रकरणात बराच बारकाईने केला आहे. तांब्या-काशाची भांडी क्षार, आंबट आणि पाणी यांनी शुद्ध होतात, मातीचे भांडे पुन्हा भाजून शुद्ध होते, पण मद्य किंवा मूत्र लागलेले मातीचे भांडे मात्र पुन्हा भाजूनही शुद्ध होत नाही, असे तपशील मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आहेत. तिथेच शुद्धतेचे तीन आधार सांगितले आहेत: जिच्यात दोष दिसलेला नाही ती वस्तू, पाण्याने धुतलेली वस्तू, आणि वाणीने शुद्ध म्हणून वाखाणलेली वस्तू. शिवाय बाजारात विक्रीला मांडलेला माल नेहमीच शुद्ध, अशी सवलतही आहे. ग्रंथकर्त्याला व्यवहार कळत होता एवढे नक्की. लॅपटॉपचा दुकानदार नेमके हेच तीन आधार पुढे करतो. ‘बघा, एकदम फ्रेश पीस आहे’, ‘फॉरमॅट मारून दिलाय’, आणि ‘माझी गॅरंटी, मी बसलोय ना इथे’. मात्र भांड्यांना शुद्धीच्या इतक्या वाटा देणाऱ्या याच ग्रंथाने माणसांच्या मोठ्या समूहाला एकही वाट ठेवली नाही. त्यांचा दोष कृतीत नव्हे तर जन्मात मानला, म्हणजे धुऊन जाणार नाही अशा जागी ठेवला. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली ती यासाठीच. दोष कुळात शोधायचा की अवस्थेत, हा फरक किती महाग पडू शकतो, हे महाराष्ट्राला कुणी नव्याने सांगायला नको.

लॅपटॉपच्या बाबतीत ‘आधी कुणाचा होता?’ हा प्रश्न म्हणूनच मला संशयास्पद वाटतो. कंपनीतून लीज संपून आलेला म्हणजे चांगला, कुणा पोराने वापरलेला म्हणजे घाण, हा हिशेब कुळावरून चाललेला असतो. त्याच्या उलट टोकाचा हिशेबही तितकाच कच्चा आहे: वरून चकचकीत, चालू केल्यावर झटपट उघडतो, काही वावगे दिसत नाही, म्हणजे आत काही नाही. मीमांसक आणि नैयायिक दोघांनीही या दुसऱ्या अनुमानाला चांगली कात्री लावली आहे. न दिसणे हे नसण्याचे प्रमाण केव्हा होते? ती गोष्ट असती तर दिसलीच असती, अशी तिची योग्यता असेल तेव्हाच. उजेडात जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणजे घडा नाही. पण खांबावर पिशाच दिसत नाही, एवढ्यावरून पिशाच नाही असे म्हणता येत नाही, कारण पिशाच मुळात दिसणारी गोष्टच नाही. आजचा घातक प्रोग्रॅम याच जातीचा आहे. पूर्वीचे व्हायरस स्क्रीनवर खोड्या काढत. आताचा पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम मशीन मुद्दाम हळू करत नाही, कारण गप्प राहण्यातच त्याचा धंदा आहे. अँटिव्हायरसचे स्कॅन केल्याने काही पिशाचे दिसण्याच्या योग्यतेची होतात हे खरे. पण ज्यांची ओळख त्याला आधीपासून आहे किंवा ज्यांची वागणूक त्याला ओळखीची वाटते, तेवढीच. ‘स्कॅन क्लीन आले’ याचा अर्थ ओळखीचे चोर घरात नाहीत, इतकाच होतो.

दोष पूर्वेतिहासावरून ठरत नाही, याचा आता पुरावा पाहू. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा प्रोग्रॅम जगभर पसरला आणि त्याने ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेतील रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत केले. तो कुठल्याही आधीच्या मालकाने ठेवलेला नव्हता. विंडोजमधल्या ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये दिलेले होते; ज्यांनी ते टाकले नाही त्यांची मशीन सापडली. दुसरे उदाहरण कोऱ्या मालाचे. २०१५ च्या फेब्रुवारीत उघड झाले की लेनोवोच्या काही नव्याकोऱ्या लॅपटॉपमध्ये कारखान्यातूनच सुपरफिश नावाचा जाहिरातींचा प्रोग्रॅम घातलेला होता, आणि तो ब्राउझर व बँकेची वेबसाइट यांच्यातल्या सुरक्षित संभाषणात घुसू शकत होता. पेटीचे सील तोडणारा पहिला हात गिऱ्हाइकाचाच, तरी दोष आत होता. आणि तिसरे उदाहरण तर दुकानातल्या शुद्धीचेच. ‘फॉरमॅट मारून, विंडोज-ऑफिस सगळं टाकून देतो’ म्हणताना बरेचदा जे टाकले जाते ते क्रॅक केलेले असते. त्यासाठी वापरायचा ॲक्टिव्हेटर चालवण्याआधी बहुतेक वेळा अँटिव्हायरस बंद करावा लागतो, आणि असे ॲक्टिव्हेटर हे घातक प्रोग्रॅम पसरवण्याचे जुने, ओळखीचे साधन आहे. म्हणजे आधीच्या मालकाचा दोष घालवण्याच्या नावाखाली नवा दोष आत येतो, तोही ‘गॅरंटी’च्या शब्दासह. धुणारा कोण आणि कशाने धुतो हे न विचारता धुतलेले शुद्ध मानणे इथे अंगाशी येते.

यावरून निघणारी व्यावहारिक गोष्ट साधी आहे. शुद्धी घेणाऱ्याने आपल्या हाताने करावी. दुसऱ्या भरवशाच्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या किंवा एखाद्या लिनक्सच्या अधिकृत वेबसाइटवरून इन्स्टॉलर उतरवून पेनड्राइव्हवर घ्यायचा, जुन्या लॅपटॉपच्या डिस्कवरचे सगळे पार्टिशन काढून टाकायचे आणि कोऱ्या डिस्कवर नव्याने सिस्टम टाकायची. बायोसला पासवर्ड घातलेला नाही ना, आणि सुरू करताना एखाद्या कंपनीचे लॉगिन मागत नाही ना, हे पैसे देण्याआधीच पाहून घ्यायचे. एवढे केले की मागच्या मालकाच्या डिस्कवर जे काही होते ते बहुतेक सारे गेले. मग तो मालक साधू होता की भामटा, याला काही अर्थ उरत नाही.

इथे जाणकार वाचक हात वर करील. डिस्क पुसली, पण मदरबोर्डवरच्या चिपमध्ये बसलेल्या फर्मवेअरचे काय? आक्षेप खरा आहे. २०१८ मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीने लोजॅक्स नावाचा प्रोग्रॅम उघडकीला आणला. तो त्या चिपमध्येच घर करतो आणि डिस्क बदलली तरी जात नाही. प्रश्न आणखी खोल नेता येतो. युनिक्सचा एक जनक केन थॉम्पसन याने ट्यूरिंग पुरस्काराच्या आपल्या व्याख्यानात दाखवून दिले होते की लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरमध्येच चोरवाट अशी लपवता येते, की प्रोग्रॅमची मूळ लिखावट ओळ न् ओळ वाचली तरी ती सापडणार नाही. हे व्याख्यान १९८४ मध्ये छापून आले. म्हणजे फर्मवेअर तपासायला एक साधन, ते साधन तपासायला दुसरे, त्या दुसऱ्याला तिसरे. हीच नैयायिकांची अनवस्था. मीमांसकांनी, विशेषतः सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांनी, याच भीतीने ज्ञानाला स्वतःप्रमाण मानले: दोष सापडेपर्यंत ज्ञान खरे धरा, नाहीतर पडताळ्याला अंतच नाही. पण जिथे दोषाचा धंदाच न सापडण्यावर चालतो तिथे हा सल्ला अपुरा पडतो. म्हणून लॅपटॉपपुरता मी नैयायिकांच्या बाजूचा आहे. पडताळा बाहेरूनच हवा.

मग अनवस्थेचे काय करायचे? मिथिलेच्या उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत याला दिलेले उत्तर मला अजूनही सर्वांत समंजस वाटते. ते म्हणतात, शंकेला सीमा आहे, आणि ती सीमा म्हणजे व्याघात: शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्याच वागण्याशी शंकेचा विरोध येतो, तिथे ती संपते. जो माणूस जुन्या लॅपटॉपच्या चिपमध्ये गुप्तहेर बसला असेल म्हणून झोप घालवतो, तोच सकाळी आतले काही न तपासलेल्या फोनवरून भाजीवाल्याला पैसे पाठवतो. त्याची शंका तोंडातली आहे, हातातली नाही. लोजॅक्स वापरणाऱ्यांचे लक्ष्य मध्य आणि पूर्व युरोपातल्या व बाल्कन भागातल्या सरकारी संस्था होत्या. बारावीच्या मुलाच्या अभ्यासासाठी घेतलेल्या लॅपटॉपसाठी इतका खर्च कोण करील, हाही विचार त्या शंकेत धरायला हवा. यावर खंडनखंडखाद्याच्या कर्त्या श्रीहर्षांनी उदयनांचेच शब्द फिरवून त्यांची थट्टा केली: व्याघात म्हणायचा तर शंका आधी असायलाच हवी, मग व्याघाताने शंका संपली कशी? आक्षेप तल्लख आहे, आणि तो असा बाजूला सारता येत नाही. माणूस बेफिकीर वागतो म्हणून धोका नाही, हे तर कुठल्याच अर्थाने सिद्ध होत नाही. पण गंगेशोपाध्यायांनी पुढे तत्त्वचिंतामणीत दाखवले की मुद्दा शंका आणि व्याघात यांच्यातल्या तर्काचा नाहीच; माणसाची स्वतःची निःशंक कृतीच त्या शंकेला अडवते. मला यातून एवढेच घ्यायचे आहे: शंका पूर्ण फिटणार नाही, पण ज्या कामात आपण तिच्याप्रमाणे वागायला तयार नाही त्या कामापुरती ती शंका उरलेली नसते, नुसती बडबड उरते. ज्याला खरोखरच धोका आहे, उदाहरणार्थ सत्तेच्या नजरेत असलेला पत्रकार, त्याच्या वागण्यात शंका दिसते. त्याने जुना लॅपटॉप घेऊच नये, आणि फोनही सांभाळून निवडावा.

म्हणून प्रश्न प्रयोजनाचा होतो. न्यायसूत्रातल्या सोळा पदार्थांच्या यादीत संशयानंतर लगेच प्रयोजन येते, हा क्रम मला अर्थपूर्ण वाटतो. इथेच किंमत आणि सुरक्षितता एक होतात. दोन लॅपटॉप शेजारी ठेवले आहेत, दोन्हींवर इंटेलचा आय-फाइव्हचा स्टिकर, दोन्हींची स्क्रीन सारखी. एकाचा प्रोसेसर ७२०० यू, दुसऱ्याचा ८२५० यू. पहिला आकडा पिढी सांगतो: सातवी आणि आठवी. साध्या कामांत फरक थोडाच जाणवेल, पण विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने साधारण आठव्या पिढीपासूनची अट घातली, आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. एका रात्रीत सातव्या पिढीच्या मशीनचे लोखंड गंजले नाही. गेले ते उद्याची फट बुजवण्याचे आश्वासन. नेटबँकिंग करणाऱ्याला विंडोजवर ते मशीन स्वस्तातही महाग. त्यावर लिनक्स टाकणाऱ्याला ते अजून काही वर्षे चोख काम देईल, आणि इंटरनेट न जोडता नुसते हस्तलिखित टाइप करणाऱ्याला तर त्याची किंमत जराही कमी झालेली नाही. वस्तूचे मोल वस्तूत नसते असे म्हणणे सोपे आहे. इथे ते कशात आहे ते बोट ठेवून दाखवता येते.

कुणी म्हणेल, इतके सगळे तपासत बसण्यापेक्षा नवाच घ्यावा, शंका घ्यायला काय पैसे पडतात? पडतात, आणि भरपूर. हप्त्यावर नवा लॅपटॉप घेण्याची ऐपत नसलेल्या विद्यार्थ्याला ही शंका थेट लॅपटॉपविना ठेवते. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल दाखवले की चांगला आणि वाईट माल ओळखता येत नसेल तर गिऱ्हाईक सरसकट सरासरी मालाचाच भाव देते, आणि मग चांगला माल विकणारे बाजारातून निघून जातात. या कामाचा २००१ च्या नोबेलमध्ये गौरव झाला. म्हणजे सरसकट शंका बाजार स्वच्छ करत नाही, उलट चांगले विक्रेते हाकलते. तपासता येईल ते तपासणारे गिऱ्हाईकच चांगल्या दुकानदाराला टिकवते.

आणि विकणाऱ्याबद्दलही बोलायला हवे, कारण आपण सारे कधी ना कधी विकणारे होतो. सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलाट या दोन संशोधकांनी १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापले. चालू अवस्थेतल्या १२९ पैकी फक्त १२ नीट पुसलेल्या होत्या. बाकीच्यांतून क्रेडिट कार्डांचे क्रमांक, वैद्यकीय माहिती, खासगी पत्रव्यवहार निघाला. घेणारा विकणाऱ्याला घाबरतो, पण उघडा पडतो तो बहुधा विकणाराच. रीसायकल बिन रिकामी करणे म्हणजे पुसणे नव्हे. आपला लॅपटॉप दुकानात देण्याआधी आपल्या खात्यांतून लॉगआउट करा, आणि विंडोजच्या रीसेटमधला ड्राइव्ह साफ करण्याचा पर्याय निवडून तो पूर्ण होऊ द्या. त्याला काही तास लागतात.