उंदीर आणि आपल्या भगिनी

जननमार्गातील उपकारक लॅक्टोबॅसिलस जंतू घटून इतर जंतू बळावले की 'बॅक्टेरियल व्हजायनोसिस' हा विकार जडतो. अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा धोकाही वाढतो. उंदराला तो निसर्गतः होत नाही. संशोधक त्याला संप्रेरक टोचून जंतू घालतात. हे क्रौर्य नव्हे काय? आम्हीही तसेच म्हणत होतो. परंतु १९५५ साली ह्यूस्टनच्या गार्डनर व ड्यूक्स यांनी हा प्रयोग रोग नसलेल्या १५ स्त्रियांवरच केल्याचे नोंदविले; रुग्णांच्या स्रावाने ११ जणी बाधित झाल्या. हे वाचून आम्ही थबकलो. १९९२ चा कॅटेकिझम मानवाच्या उपचारार्थ प्राणिप्रयोगांस वाजवी मर्यादेत मान्यता देतो, निष्कारण यातनांस नाही. मग ज्या प्राण्याला हा विकार होतच नाही, त्याने दिलेले उत्तर आपल्या भगिनींच्या कितपत उपयोगाचे, हे प्रत्येक प्रयोगापूर्वी तपासले जाते काय?