ओरिजिनल म्हणजे कधीचं?

गेल्या दिवाळीनंतर आमच्या आखाड्यावर एक पाहुणे आले. जुने ट्रॅक्टर गोळा करण्याचा त्यांना नाद आहे. पश्चिम महाराष्ट्रातून गाडी चालवत सेलूपर्यंत आले ते फक्त आमचा एचएमटी बघायला. मी त्याचा एक व्हिडिओ टाकला होता, तो फिरत फिरत त्यांच्यापर्यंत पोचला होता. चहा नंतर घेऊ म्हणाले, खिशातून छोटी टॉर्च काढली आणि सरळ ट्रॅक्टरखाली शिरले. इंजिन नंबर बघितला, चासी नंबर बघितला, पाटीवरची धूळ अंगठ्यानं पुसून अक्षरं वाचली. बाहेर आले तेव्हा चेहरा खुलला होता.

"नंबर जुळतायत. पण काम भरपूर निघेल. लोकांनी फार छेडछाड केलीय याच्याशी."

लोकांनी म्हणजे आम्हीच.

मग त्यांनी यादी सांगितली. बोनेट दुसऱ्याच ट्रॅक्टरचं आहे, ते काढायचं. हेडलाइट मोटरसायकलचे आहेत. सीट घरची. रंग तीनदा दिलेला, तो खरवडून मूळ रंग आणायचा. आणि क्लचच्या पायट्याला वेल्डिंग करून जो पाइप उभा केलाय तो कापायचा, खालच्या पत्र्याला पडलेलं भोक भरून घ्यायचं. एवढं करून दिलं तर एक लाख ऐंशी हजार. आहे तसा दिला तर नव्वद.

रक्कम ऐकून मी मनातल्या मनात पाइप कापूनही टाकला होता. सोयाबीनचे पैसे डोळ्यांदेखत पाण्यात गेलेल्या वर्षी नव्वद हजारांचा फरक हा फरकच असतो. पण पाहुणे गेल्यावर मी त्या पाइपाला हात लावून उभा राहिलो आणि प्रश्न सुरू झाले.

आधी ट्रॅक्टरबद्दल सांगतो. एचएमटी म्हटलं की तुम्हाला घड्याळ आठवेल. तीच ही कंपनी, हिंदुस्थान मशीन टूल्स, सरकारी. 1971 मध्ये तिनं चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचं तंत्र घेऊन हरियाणातल्या पिंजोरला ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली. पहिलं मॉडेल 25 हॉर्सपॉवरचं. आमचा तोच, 2511. दोन सिलिंडरचं इंजिन, त्यामुळे आवाज असा की गावात शिरण्याआधी ट्रॅक्टर कोणाचा ते कळायचं. आजोबांनी 1976 साली लाल कंधारीची एक जोडी विकून आणि बँकेचं कर्ज काढून तो घेतला. ऑक्टोबर 2016 मध्ये केंद्र सरकारनं एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय घेतला. म्हणजे कारखाना गेला, ट्रॅक्टर मात्र अजून चालतोय. अशा यंत्राला पार्ट मिळत नाहीत. ते लेथवर करून घ्यावे लागतात, किंवा दुसऱ्याचे याला बसवावे लागतात. जिंतूर रोडवरच्या आमच्या मिस्त्रींना विचारलं तर ते म्हणतील, हा ट्रॅक्टर पिंजोरला जन्मला आणि सेलूत वाढला.

आता पाइपाबद्दल.

1986 च्या उन्हाळ्याच्या तोंडाला, ज्वारीच्या मळणीत, माझ्या मोठ्या चुलत्यांचं धोतर पीटीओच्या शाफ्टमध्ये गेलं. आम्ही त्यांना नाना म्हणतो. पीटीओ म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचा तो फिरता दांडा, ज्यावर मळणी यंत्र चालतं. तो मिनिटाला 540 फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला नऊ. 'अरे' म्हणायलाही सेकंद लागतो. नानांचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. त्यांचं वय तेव्हा सव्वीस.

असे अपघात तेव्हा देशभर होत होते. इतके की 1983 मध्ये संसदेनं धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदा केला आणि त्याचा मुख्य रोख मळणी यंत्रांवरच होता. पण आमच्याकडे मळणी यंत्राचा दोष नव्हता. पीटीओवर कंपनीचं पत्र्याचं टोपण असतं, ते काढून ठेवलेलं होतं. टोपण असलं की जॉइंटची पिन बसवायला हात नीट जात नाही, वेळ लागतो. म्हणून काढलं. घरात सांगायचे की आजोबांनी काढलं.

नानांना पुढे जयपूर फूट बसला. चालता येऊ लागलं, पण त्या पायाला क्लच कळेना. किती दाबला, किती सोडला, काहीच कळेना. आणि गावात नानांसारखी सरळ तास धरणारा दुसरा माणूस नव्हता. तेव्हा सेलूच्या मिस्त्रींनी क्लचच्या पायट्याला दीड इंची पाइप जोडला, तो पत्र्यातून वर काढून हाताशी आणला, वर सायकलच्या हँडलचं रबर चढवलं. डाव्या हातानं दांडा ओढला की क्लच दबतो. नानांनी त्या दांड्यावर पुढची चोवीस वर्षं ट्रॅक्टर चालवला. रबर चारदा बदललं.

आता सांगा, यातलं ओरिजिनल काय?

कायद्याचं उत्तर सरळ आहे. 2021 मध्ये केंद्रानं जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांवरची दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात राखलेली आणि मोठा फेरबदल न केलेली असेल तर ती व्हिंटेज. नोंदणी वेगळी, नंबर वेगळा, आणि तिच्यावर धंदा करायचा नाही. म्हणजे नुसतं वय पुरत नाही. न बदलता म्हातारं व्हावं लागतं. हे वाचून मला हसू आलं होतं, पण त्यामागे शहाणपण आहे. असा नियम नसेल तर उद्या कोणीही चार भंगारं जोडून त्याला दुर्मिळ म्हणेल. आणि पाहुण्यांची बाजूही मी हलकी समजत नाही. जो कारखानाच बंद झालाय, तिथून निघालेली वस्तू नेमकी कशी होती हे उद्याच्या पोरांना दाखवायला एक तरी ट्रॅक्टर जसाच्या तसा उरला पाहिजे. गावोगावचे सगळे आमच्यासारखेच ठिगळं लावलेले. ते पाहुण्यांसारखे वेडे नसते तर 2511 फक्त फोटोत उरला असता.

तत्त्वज्ञानाचं उत्तर याहून जुनं आहे, आणि ते आपल्या मराठवाड्यात पाट्यांवर लिहिलेलं आहे. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं 1950 मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढलं. त्याचं नाव मिलिंद आणि त्या परिसराचं नाव नागसेनवन. मिलिंद हा ग्रीक राजा आणि नागसेन बौद्ध भिक्खू. दोघांच्या संवादात नागसेन राजाला विचारतो: तू रथातून आलास ना? मग आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ? जू म्हणजे रथ? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग सगळ्यांची बेरीज म्हणजे रथ? तेही नाही. शेवटी राजा म्हणतो, हे सगळं एकत्र आलं की आपण त्याला व्यवहारात रथ म्हणतो, एवढंच.

मी याच हिशेबानं आमच्या ट्रॅक्टरकडे बघितलं. बोनेट म्हणजे एचएमटी नाही, पाटी म्हणजे नाही, पाइप म्हणजे तर नाहीच. सगळं बदललं तरी आम्ही त्याला एचएमटीच म्हणणार. बरं वाटलं. पण थोड्याच वेळानं लक्षात आलं की याचा मला काही उपयोग नाही. पाइप कापला तरी तो एचएमटी राहील, ठेवला तरी राहील. 'हा तोच आहे का' हा प्रश्न सुटला, तरी 'पाइप कापू का' हा तसाच राहिला. कारण दुसरा प्रश्न वस्तूबद्दलचा नव्हताच. तो आमच्या घरातल्या माणसांबद्दलचा होता.

मग मी कसोटी शोधायला लागलो. पहिली सुचली ती सोपी होती. कामासाठी केलेला बदल चांगला, दिखाव्यासाठी केलेला वाईट. दांडा चांगला; पोरं ट्रॅक्टरला लावतात ते क्रोमचे बंपर, रंगीत लाइट आणि ढणाढण स्पीकर वाईट. पण पोळा आठवला आणि ही कसोटी मोडली. बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावतो, बाशिंग बांधतो, झूल घालतो, त्यानं बैलाची ओढ वाढते का? नटवणं हा शेतीतला जुना आनंद आहे. बैल गेले, ट्रॅक्टर आले, तर नटवणं ट्रॅक्टरवर येणारच. त्याला नाक मुरडायचा मला हक्क नाही.

दुसरी कसोटी सुचली ती मात्र अजून टिकून आहे. बदल कोण करतो आणि त्याची किंमत कोण भरतो? टोपण काढल्यानं वेळ वाचला एकाचा, पाय गेला दुसऱ्याचा. स्पीकर वाजतो ट्रॅक्टरवाल्याच्या हौसेला, झोप उडते गल्लीतल्या आजारी म्हातारीची. पंजाबात ट्रॅक्टरच्या कसरतींचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. ऑक्टोबर 2023 मध्ये गुरदासपूर जिल्ह्यात अशाच कसरतीत एक तरुण ट्रॅक्टरखाली गेला आणि तिथल्या सरकारनं कसरतींवर बंदी घातली. जीव त्याचा स्वतःचा होता, खरं आहे. पण किंमत त्यानं एकट्यानं भरली असं त्याच्या घरच्यांसमोर म्हणता येईल का?

आणि मग हीच कसोटी माझ्यावर उलटली. मूळ रूपात आणणं हासुद्धा एक बदलच आहे. पाइप कापायचा, भोक भरायचं, वरून रंग मारायचा. 1976 चा ट्रॅक्टर तयार होईल, ज्यावर 1986 कधी घडलंच नाही. नव्वद हजार मला मिळतील. किंमत कोण भरणार?

नाना, असं वाटलं. म्हणून त्यांनाच विचारायला गेलो. ते ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मला वाटलं होतं डोळ्यात पाणी येईल. तसं काही झालं नाही.

"काप की मग," नाना म्हणाले. "ते काय माझं थडगं हाय व्हय?"

"तुम्हाला काही वाटणार नाही?"

"मला काय वाटायचं? पाय गेला तवा वाटलं. आता पैशे येऊ लालेत तर येऊ दे." दोन शेंगा सोलून झाल्यावर खाली बघतच म्हणाले, "पर आदी तुज्या दादाला इचार. टोपण त्यानंच काढलं व्हतं."

दादा म्हणजे माझे वडील. तेव्हा ते वीस वर्षांचे होते. म्हणजे आजोबांनी काढलं ही गोष्ट घरानं त्यांच्यासाठी रचली होती आणि आजोबांनी ती जन्मभर आपल्या अंगावर घेतली. मिस्त्रींकडे ट्रॅक्टर नेऊन, दोन दिवस तिथंच बसून दांडा करून आणणारेही दादाच होते, हे नानांनीच पुढे सांगितलं. मला एवढंच माहीत होतं की दर दसऱ्याला यंत्रपूजेच्या आदल्या दिवशी दादा त्या दांड्याच्या सांध्याला तेल देतात. नानांनी ट्रॅक्टर सोडून बरीच वर्षं झाली. आता क्लच मी पायानंच दाबतो. तरी ते तेल चुकत नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. वाटलं, कापणंच बरं. अडतीस वर्षं हा माणूस रोज आपली चूक डोळ्यांसमोर उभी बघतोय. ती एकदाची कापून गेली तर सुटेल. मग उलट वाटलं. चूक टोपणाची होती, दांडा हे तिचं उत्तर होतं. चूक तर कधीच दिसत नव्हती, कारण ती नसलेल्या पत्र्याच्या रूपात होती. दिसत होतं ते उत्तर. तेच कापलं तर मागे काय राहील?

पंढरपूरची आठवण झाली. लाखो लोकांच्या डोक्याच्या आणि हातांच्या स्पर्शानं विठ्ठलाचे पाय झिजतात, म्हणून मूर्तीवर लेप देतात. तो मूर्ती नवी दिसावी म्हणून नसतो. पुढच्या वारकऱ्यालाही पाय धरता यावेत म्हणून असतो. दुरुस्ती अशीही असते. जे चालू आहे ते चालू राहावं म्हणून केलेली.

दुसऱ्या दिवशी दादांना विचारलं. टोपणाचं नाव काढलं नाही, फक्त पाहुण्यांची अट सांगितली. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ट्रॅक्टर विकू नको आसं मी म्हणत न्हाई. गरज आसंल तर वीक. दांडा कापून विकू नको." एवढंच. नानांकडून मला कळलंय हे त्यांना समजलं असावं, कारण त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मी पाहुण्यांना फोन करून सांगितलं की दांड्यासकट हवा असेल तर नव्वदला न्या. ते भले माणूस, रागावले नाहीत. विचार करून कळवतो म्हणाले. अजून कळवलेलं नाही. पैशाची ओढाताण आहे तशीच आहे, आणि मी काही मोठा त्याग केला असंही मला वाटत नाही. फक्त एवढं कळलंय की दांडा कापायचा की नाही हे ठरवण्याचा हक्क माझा नव्हता, आणि पाहुण्यांचाही नव्हता.

या गोष्टीला एक शेवट झाला, तो आमच्यापैकी कोणी ठरवला नव्हता. तूर काढायच्या आठवडाभर आधी दादा मला न सांगता सेलूला गेले आणि पीटीओवरचं टोपण करून आणलं. साधा पत्रा, चार बोल्ट. मोजमाप अंदाजाचं, कारण मूळ टोपण कुठे गेलं कोणाला माहीत नाही. ते बसवल्यावर पिन लावायला आता खरंच हात जात नाही. प्रत्येक वेळी बोटं सोलतात, पाच मिनिटं जास्त लागतात.

यंदा तुरीची मळणी झाली तेव्हा नाना खळ्यावर खुर्ची टाकून बसले होते. मी पिन लावताना वैतागलो तर म्हणाले, "लागू दे टाइम."