मी कसला गिऱ्हाईक?

निपाणीहून राधानगरी, फोंडाघाट करत मालवण गाठायचं आणि पोरांना पॅराशूटला लटकवायचं, हा आमच्या सीमाभागातल्या घरांचा सुट्टीतला ठरलेला बेत. तिकीट काढताना मी विचारतो काय? दर. फार तर, व्हिडिओ मिळेल का. दोराकडे बघतसुद्धा नाही.

2019 च्या मे महिन्यात मुरूडच्या किनाऱ्यावर जीपने ओढल्या जाणाऱ्या पॅराशूटचा दोर तुटला आणि पुण्याचा 15 वर्षांचा मुलगा गेला. बातमी वाचून मी ‘चालवणारे बेफिकीर असतात’ असा निकाल लावला आणि मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं आता खुपतं. दोर किती जुना होता, वारा कसा होता, आधी कधी तो झिजलेला दिसला होता का, हे जाणून घ्यावंसंच वाटलं नाही. दोष दुसऱ्याच्या स्वभावात टाकला की आपली पोरं सुखरूप.

हँग ग्लायडिंगवाले मात्र दोराच्या अशाच तपशिलांवर वर्षानुवर्षं भांडत आलेत. विंचने किंवा हलक्या विमानाने ग्लायडर ओढून वर नेताना दोरात मुद्दाम एक कच्चा तुकडा ठेवतात. ताण फार वाढला तर आधी तो तुटावा म्हणून. पण किती कच्चा? फारच कच्चा असला तर उड्डाण होताहोताच, नाक वर असताना तुटतो आणि वेग मरून ग्लायडर खाली येतो. फार पक्का असला तर ऐनवेळी तुटत नाही. त्यात ग्लायडर एका अंगाला कलला की दोर त्याला आणखी तिकडेच ओढतो. काही क्षणांत तो सावरण्यापलीकडे जातो, आणि तोवर तुकडा तुटेलच याची खात्री नसते. मग दोर सोडायची कळ कुठे असावी? दांडीवरचा हात काढून ती शोधावी लागली, तर नेमका नको तेव्हा हात सुटतो.

कोण बरोबर, हे ठरवायला अपघातांच्या आणि थोडक्यात निभावलेल्या प्रसंगांच्याही खऱ्या नोंदी लागतात. त्या कोण देणार? आज लिहिलेलं उद्या कोर्टात उभं राहतं. अमेरिकेत विमानवाल्यांचे थोडक्यात निभावलेल्या प्रसंगांचे अहवाल 1976 पासून नासा गोळा करते, कारवाई करणारं खातं नाही. नावं काढून टाकली जातात. आपल्याकडे 2022 च्या राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरणात हँग ग्लायडिंग आलं. कागदावर आलं, ठीक. पण घडलेलं मोकळेपणाने सांगणार कोण?

आमच्या तवंदी घाटात ऊस हंगामात ट्रॉलीची पिन निसटते. कुणाला लागत नाही, ड्रायव्हर दुसरी पिन ठोकतो आणि कारखान्याची वाट धरतो. मागे मी हॉर्न वाजवत असतो. हे त्याने कुठे सांगावं? सांगून त्याचीच खेप बुडायची. आणि कुणी दगावलंच, तर आमच्याकडे आधी चर्चा गाडी एमएच की केए याची.

या दिवाळीत पुन्हा मालवण ठरतंय. बोटवाल्याला विचारायचं मनात आहे, दोर शेवटचा कधी तुटला होता? समजा तो सरळ म्हणाला, “गेल्या हंगामात तुटला. माणूस पाण्यात पडला, वाचला. तेव्हापासून रोज सकाळी सगळा दोर हाताने चाचपतो.” त्याच्या बोटीत मी पोरांना बसवीन? छातीवर हात ठेवून सांगायचं तर, नाही. ‘आपल्याकडे आजवर काही झालेलं नाही’ म्हणणाऱ्या शेजारच्याकडे जाईन, आणि त्याने शंभर रुपये कमी केले तर खुशीत जाईन.