सोंग आणि सरशी

घेतलेले सोंग शेवटपर्यंत निभवावे, की वेळ आली म्हणजे ते बाजूला सारून कार्य साधावे, हा प्रश्न नटमंडळींवर सोपवून आपण आजवर मोकळे झालो आहोत. परंतु तो नीतीचाही प्रश्न आहे, आणि अलीकडे तो अनपेक्षित वाटेने आमच्यापुढे आला. नागपूर-जबलपूरकडे शिकावयास गेलेली बालाघाटची मुले सुटीत एक खेळ घेऊन येतात. कागद, पेन्सिल, वीस बाजूंचा फासा आणि चार-पाच सोबती एवढे त्याचे साहित्य. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हे त्याचे नाव. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या अमेरिकनांनी तो 1974 साली प्रसिद्ध केला. एकाने प्रसंग व संकटे मांडायची, बाकीच्यांनी एकेक पात्र व्हायचे आणि आपले पात्र काय करते ते बोलून सांगायचे. जमले की फसले, हे फासा सांगतो.

पात्र घडविताना बळ, चपळाई, बुद्धी अशा सहा गुणांना आकडे द्यावे लागतात. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून हिशेब असा: 10 हा सामान्य माणसाचा आकडा, त्यापुढे दर दोन अंकांमागे दानात एक मिळवायचा, खाली गेल्यास वजा करायचा. 16 बळाचा योद्धा तीन मिळवितो, 8 बळाचा एक गमावतो. अंतर चाराचे, वीस बाजूंच्या फाशावर ते साधारणपणे शंभरात वीस घाव हुकण्याइतके पडते.

आता समजा, एका मुलास गुडघे धरलेला, थकलेला म्हातारा शिपाई व्हावयाचे आहे. त्याला 8 बळच शोभते. सोबती म्हणतात, बाबा रे, 16 घे, नाहीतर राक्षस तुला ओलांडून आमच्यावर येईल. तो म्हणतो, 16 घेतले तर तो माझा म्हातारा राहणार नाही. दोघांचेही म्हणणे खरे आहे. 'खेळच तो, एवढे काय?' हे उत्तर आम्हांस मान्य नाही. पाच जणांच्या आनंदाचा प्रश्न जेथे आहे तेथे नीती आलीच. पात्र समर्थ घडवूनही ते रंगवून खेळता येते, असेही कोणी म्हणेल. येते, यात शंका नाही. परंतु वाटावयाचे आकडे मोजके असतात आणि कोठेतरी निवड करावीच लागते.

बहुरूप्याची लोककथा वाचकांस ठाऊक असेल. संन्याशाचे सोंग घेऊन बसलेल्या बहुरूप्यापुढे राजाने मोहरांचे ताट ठेवले. त्याने ते दूर सारले. दुसऱ्या दिवशी तोच नेहमीच्या बिदागीसाठी दरबारात हात पसरून उभा. काल का घेतले नाहीस, असे विचारता तो म्हणाला, काल घेतले असते तर सोंग बिघडले असते. कथा सुंदर आहे, आणि आपण तिच्यावर माना डोलावतो. पण तीत एक सोय दडलेली आहे: नुकसान झाले ते बहुरूप्याचे एकट्याचे. त्याच्या घरी त्या रात्री चूल पेटली की नाही, हे कथा सांगत नाही.

उलट टोकाचे उदाहरण आपल्या संगीत रंगभूमीवर सापडते. 1919 च्या 'एकच प्याला'तली सिंधू म्हणजे दारुड्याची दैन्यात बुडालेली बायको. ती बालगंधर्वांच्या कंठातून गाऊ लागली की प्रेक्षकांना पद पुन्हा हवे असे. त्या गाण्याचे आम्हीही चाहते आहोत. पण दैन्य वन्समोरच्या टाळ्यांत थांबून राहते, हे नाकारता येत नाही.

या प्रश्नाचा खरा कस मात्र महाभारताच्या विराटपर्वात लागतो. बारा वर्षांचा वनवास संपला. तेरावे वर्ष अज्ञातवासाचे. ओळख पटली तर पुन्हा बारा वर्षे. पैज सोंगावरच लावलेली, आणि सहा माणसे एका पैजेत बांधलेली. युधिष्ठिर कंक होऊन विराटाशी द्यूत खेळतो, भीम बल्लव होऊन स्वयंपाक करतो, द्रौपदी सैरंध्री. भरसभेत कीचक तिला लाथ मारतो. भीमाची नजर एका झाडावर जाते. त्यावर कंक काय म्हणतो? जळण हवे असेल तर, आचाऱ्या, बाहेरचे झाड पाहा. आणि रडणाऱ्या सैरंध्रीला तो म्हणतो की नटीसारखी रडून तू सभेतल्या द्यूतात व्यत्यय आणते आहेस. सोंगाच्या भाषेत भावाला आवरण्याचे कौशल्य यात आहे, हे मान्य. तरीही हे वाक्य आम्हांस दर वाचनात बोचते. सोंग युधिष्ठिराचे शाबूत राहिले, आणि त्याची किंमत द्रौपदीने भरली. जो आपल्या पात्राशी प्रामाणिक राहतो, त्याला हा हिशेब आधी विचारावा.

द्रौपदीने मात्र दूरदृष्टी दाखविली होती. सुदेष्णेकडे चाकरीस राहतानाच तिने सांगून ठेवले होते की आपले पाच गंधर्व पती गुप्तपणे आपले रक्षण करतात. म्हणून भीमाने रात्री नृत्यशाळेत कीचकाला ठार केले तेव्हा लोकांनी गंधर्वांचे नाव घेतले, आणि सोंग टिकले. सामर्थ्याला जागा तिने सोंगाच्या घडणीतच ठेवली होती. प्रसंग आल्यावर तिला कथा मोडावी लागली नाही. आमच्या म्हाताऱ्या शिपायालाही हे करता येईल. बळ 8 ठेवून त्याने शहाणपणात आकडा घालावा, दडून बसलेला शत्रू त्याला आधी दिसावा, आणि हे त्याने सोबत्यांना खेळ सुरू होण्यापूर्वी सांगावे. मग त्याचे दुबळेपण सर्वांनी मिळून पत्करलेले असेल. न विचारता लादलेले दुबळेपण हा कलेच्या नावाखाली केलेला आपमतलब होय; आणि सोबत्याच्या म्हाताऱ्याला हिशेबाच्या धाकाने तरुण करणे ही दांडगाई. दुसरा दोष आम्हांस अधिक वेळा दिसतो, कारण आकडा दाखवून वाद जिंकणे सोपे असते.

त्याच पर्वाच्या शेवटी युधिष्ठिरावरही पाळी येते. कौरवांवरचा विजय विराट आपल्या मुलाचा मानतो. कंक पुन्हापुन्हा बृहन्नडेचे नाव घेतो. चिडून विराट हातातला फासा त्याच्या तोंडावर फेकतो. नाकातून रक्त येते. युधिष्ठिर ते ओंजळीत धरतो, कारण आपले रक्त पाडणाऱ्याला अर्जुन जिवंत ठेवणार नाही हे तो जाणतो. बृहन्नडेला आत सोडू नको, असे तो द्वारपालाला हळूच सांगतो. रक्त भुईवर पडू नये म्हणून पाण्याने भरलेले सोन्याचे पात्र घेऊन द्रौपदी त्याच्याजवळ येते.