सुईखालचा नाद

भुसावळहून नागपूरकडे निघालेली मालगाडी वरणगाव ओलांडते, तेव्हा रुळांपासून बऱ्याच लांबच्या घरातही फडताळातली भांडी हलकेच किणकिणतात. माणूस ती गाडी लगेच विसरतो. टर्नटेबलच्या सुईला मात्र ती विसरता येत नाही. एलपीच्या खाचेतली सर्वांत नाजूक वळणं मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक असतात आणि सुई त्या वळणांवरून चालत असते. जमिनीची थरथर आणि तंबोऱ्याची थरथर यांत तिला फरक करता येत नाही. तिच्या लेखी दोन्ही हालचालीच.

म्हणून खानदेशात कोणी स्वतःच्या हातांनी टर्नटेबल बांधायला घेतलं, तर त्याचा पहिला सामना गाण्याशी होत नाही, जमिनीशी होतो. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी काळी माती, महामार्गावरचे ट्रक, शेजारच्या घरातली पाण्याची मोटर. यंत्र जमिनीवरच्या घडवंचीवर ठेवण्याऐवजी भिंतीत ठोकलेल्या फळीवर ठेवावं लागतं. त्या फळीवर सायकलची अर्धवट हवा भरलेली ट्यूब, ट्यूबवर काळ्या दगडाची जाड फरशी आणि फरशीवर यंत्र. जड दगड मऊ हवेवर तरंगतो आणि जमिनीची बरीचशी थरथर खालीच अडते. ट्यूबमध्ये दोन पंप हवा जास्त झाली तरी सुईखाली फरक ऐकू येतो.

मराठीत ‘नाद’ या एकाच शब्दात ध्वनीही येतो आणि वेडही येतं. ‘त्याला रेकॉर्डचा नाद लागलाय’ असं घरचे म्हणतात, तेव्हा दोन्ही अर्थ खरे असतात. ज्याला हा नाद लागतो, त्याच्यासमोर कधी ना कधी एक जुना प्रश्न येऊन उभा राहतो : गाणं नेमकं असतं कुठं? खाचेत, यंत्रात, की ऐकणाऱ्यात?

या प्रश्नाकडे जाणारी वाट बेअरिंगवरून जाते. वरणगाव हे आयुध निर्माणीचं गाव. बंदुकीची काडतुसं बनवणाऱ्या गावाला लेथ, गेज आणि मायक्रोमीटर हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. टर्नटेबलचा जीवही अशाच मापांत असतो. पितळेचा किंवा ब्रॉन्झचा बुश, त्यात पोलादी दांडा, दांड्याखाली एक कडक गोळी, गोळीवर तेलाचा थेंब. दांडा बुशमध्ये सोडला की तो धपकन खाली जाता कामा नये. आतल्या हवेला आणि तेलाला बाहेर पडायला वाटच इतकी अरुंद हवी, की दांडा आपल्या वजनानं सावकाश उतरत राहील. तसा तो उतरताना पाहिला की चांगला टर्नर काही न बोलता मान हलवतो. बसणी ढिली असेल तर दांडा डुलतो आणि ती डुलकी गाण्याखाली घरघर होऊन ऐकू येते. फार घट्ट असेल तर मोटरवर ताण येतो आणि वेग पडतो.

वेगाची गोष्ट त्याहून नाजूक. चकतीवर १८० रेघा असलेला कागद ठेवायचा आणि त्यावर ५० हर्ट्झच्या विजेचा दिवा धरायचा. दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो. रेघा जागच्या जागी उभ्या दिसल्या, तर मिनिटाला ३३⅓ फेरे बरोबर. ७८च्या तबकडीसाठी ७७ रेघांचा कागद असतो. हिशेब केला तर वेग ७७.९२ निघतो. अमेरिकेत ६० हर्ट्झची वीज आणि ९२ रेघा, म्हणजे ७८.२६. प्रमाण मानलेला ‘अठ्ठ्याहत्तर’ या कागदांवर तरी कुठेच नेमका अठ्ठ्याहत्तर नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या तबकड्या तर वेगवेगळ्या वेगांनी कोरलेल्या असत. ७४ फेऱ्यांना कोरलेली तबकडी ७८ला वाजवली, तर काळी एकमध्ये गाणारा गवई जवळपास पांढरी दोनमध्ये पोचतो. त्याचा आवाज पातळ होतो, ताना उगीच चपळ वाटतात, आणि ऐकणारा त्यालाच त्याची गायकी समजतो.

यंत्र जुळलं की बांधणारा एक चाचणी करतो. गाणं न कोरलेल्या कोऱ्या खाचेवर सुई ठेवतो. इथे जे ऐकू येतं ते गाण्याचं नसतं, यंत्राचं आणि जमिनीचं असतं : बेअरिंगची घरघर, मोटरची गुणगुण, मालगाडी. वरणगावहून तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेव फार लांब नाही. तिथल्या चांगदेव योग्यानं ज्ञानेश्वरांना कोरा कागद पाठवला आणि त्याचं उत्तर पासष्ट ओव्यांत आलं, ही आख्यायिका या भागातल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. मुक्ताईला त्या कागदात चांगदेवांचं कोरेपण दिसलं. कोरी खाचही तशीच बोलकी असते. यंत्र स्वतः किती बोलतं हे तिथेच कळतं.

आता मूळ प्रश्न. शब्द नित्य की अनित्य, यावर भारतीय दर्शनांतले मीमांसक आणि नैयायिक शतकानुशतकं भांडले. तो वाद गाण्यासाठी नव्हता, वेदाच्या अक्षरांसाठी होता. पण त्याची अवजारं इथे नेमकी लागू पडतात. मीमांसक म्हणतात, शब्द कायमचा आहे. उच्चार त्याला जन्म देत नाही, केवळ प्रकट करतो. त्यांचे भाष्यकार शबरस्वामी यांचा दाखला साधा आहे : ‘गाय’ हा शब्द आठ वेळा उच्चारला असं आपण म्हणतो, आठ गाय-शब्द उच्चारले असं म्हणत नाही. नैयायिक उलट सांगतात. ध्वनी प्रयत्नानं उपजतो, पाण्यावरच्या लाटेसारखा किंवा कदंबाच्या कळीसारखा चहूबाजूंनी पसरतो आणि विरतो. कालचा आणि आजचा ‘ग’ एकच वाटतो तो सारखेपणामुळे. दिव्याची ज्योत रात्रभर एकच दिसते, पण क्षणाक्षणाला नवी असते, तसंच ते.

टर्नटेबल बांधणारा मनानं मीमांसक असतो. बुश बदलल्यावर गवयाच्या मागचा तंबोरा पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आला की तो म्हणतो, ‘हा इथेच होता, माझंच यंत्र त्याला झाकत होतं.’ या बोलण्यात नम्रता आहे आणि अनुभवाचा मोठा भागही आहे. उत्तम यंत्र आपलं काही घालत नाही. ते वजाबाकीनंच घडतं.

तरीही मीमांसकांचं म्हणणं इथे पुरतं टिकत नाही. खाच म्हणजे गाणं नव्हे. एलपी कोरताना खर्ज मुद्दाम दाबलेला असतो आणि वरचे स्वर उचललेले असतात. ते पुन्हा उलटवण्याचं माप १९५४ साली ठरलं. तो उलटा संस्कार न करता खाच जशीच्या तशी वाजवली, तर गाणं खरखरीत आणि बिनपोटाचं वाटतं. खाचेत जे आहे ते गाणं नाही, गाण्याचा संस्कार आहे.

संस्कार हा शब्द नैयायिकांच्या जवळच्या वैशेषिक दार्शनिकांनी फार नेमका वापरला आहे. ते त्याचे तीन प्रकार मानतात : वेग, स्थितिस्थापक आणि भावना. वेग म्हणजे गतीतून येणारी पुढे जात राहण्याची शक्ती. इथे ती जड चकतीत साठते. स्थितिस्थापक म्हणजे वाकवलेली फांदी किंवा ओढलेलं धनुष्य पूर्वस्थितीला आणणारा गुण. तो सुईच्या दांडीमागच्या इवल्याशा रबरात असतो आणि मोटरनं चकती फिरवणाऱ्या बेल्टमध्ये असतो. जळगावच्या मे महिन्यात हाच गुण आधी कमी होतो : बेल्ट सैल पडतो, आणि वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं रबर कडक होतं. तिसरी भावना, ती आत्म्यात राहते आणि स्मरणाला कारण होते. वैशेषिकांचे भाष्यकार प्रशस्तपाद म्हणतात, भावना ठळक अनुभवानं, अभ्यासानं आणि आदरानं पक्की होते. एका टर्नटेबलात तिन्ही संस्कार एकत्र येतात. दोन यंत्रात, तिसरा समोरच्या खुर्चीत.

तिसरा फसवाही असतो. महागडी सुई बसवली की कानांना सुधारणा ऐकू येतेच, कारण पैसे मोजलेले असतात. म्हणून एका वेळी एकच बदल करावा आणि सुई कोणती बसवली हे ऐकणाऱ्याला सांगू नये. लाखांची यंत्रं विकत घेणाऱ्यांपेक्षा असा प्रयोग करणारा ध्वनीला अधिक ओळखतो, कारण तो स्वतःच्या भावनेलाही तपासून घेतो.

प्रयोगाचा आणखी एक धडा हाताचा, म्हणजे टोनआर्मचा. तबकडी कोरणारं पातं मध्याकडे सरळ रेषेत सरकतं. वाजवणारा हात एका खुंटीभोवती वर्तुळात फिरतो. एरिक लॉफग्रेन या स्वीडिश अभियंत्यानं १९३८ साली याचं गणित मांडलं. नीट बसवलेला हातही पूर्ण तबकडीवर केवळ दोन ठिकाणी खाचेला अचूक स्पर्शरेषेत असतो. बाकी सगळीकडे थोडा तिरकाच. शिवाय बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते आणि आत मध्याजवळ २१च. चूक काढून टाकता येत नाही. ती कुठे आणि किती राहील एवढंच बांधणारा ठरवू शकतो.

मग नैयायिकच खरे धरावे लागतात : तबकडी तीच असली तरी गाणं दर वेळी नव्यानं जन्मतं. हे मान्य केलं की बुश घासण्यात, ट्यूबची हवा मोजण्यात गेलेल्या रात्री उधळपट्टी वाटत नाहीत. गाणं खाचेत कायमचं बसलेलं असतं, तर कुठलंही यंत्र चाललं असतं. ते दर वेळी जन्मतं, म्हणून बाळंतपण नीट करावं लागतं. यादवराजा सिंघणाच्या पदरी देवगिरीला हिशेबाचं काम सांभाळणाऱ्या शार्ङ्गदेवानं तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, तेव्हा त्यानंही नादाचे आहत आणि अनाहत असे भेद केले. अनाहत योग्यांसाठी, आणि लोकांचं मन रमवणारा तो आहत. आघाताशिवाय तो नाही. सुई खाचेला भिडते तोही आघातच.

सर्वांत लांब गेलेली तबकडी हेच सांगते. गोव्यातल्या केरीत १८९२ साली जन्मलेल्या, अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली दोन्ही व्हॉयेजर अंतराळयानांवर चढवली गेली. व्हॉयेजर-१ ५ सप्टेंबरला निघालं. १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. सोन्याचा मुलामा दिलेल्या त्या तांब्याच्या तबकडीसोबत कार्ट्रिज आणि सुई आहे, टर्नटेबल नाही. कव्हरवर रेघांनी खुणा काढल्या आहेत : सुई कुठे ठेवायची, आणि एका फेऱ्याला किती वेळ. ३.६ सेकंदांचा तो वेळ हायड्रोजन अणूच्या मापात दिला आहे, कारण तिथे ना आपली वीज, ना आपलं घड्याळ. ज्याच्या हाती ती तबकडी लागेल, त्याला यंत्र स्वतःच बांधावं लागेल. तोवर त्या यानात भैरवी नाही, भैरवीचा संस्कार आहे.

खानदेशातल्या अनेक माळ्यांवर नेमकी हीच स्थिती आहे : तबकड्या आहेत, यंत्र नाही. त्या भंगारात देऊ नका. पत्र्याखालून काढा, आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. ७८ची जाड सुई एलपीवर टेकवू नका. आणि जवळपास कोणी लेथवरचा जाणकार असेल, तर त्याला एक बुश करून मागा.