पहाटेची ऊब



निफाड तालुक्यातील माघाची पहाट ज्यांनी पाहिली आहे त्यांस तेथील थंडीविषयी आम्ही काही सांगावयास नको. पारा ५ अंशांच्या आसपास उतरतो, आणि बागाइतदार द्राक्षांच्या घडांस ऊब मिळावी म्हणून रात्रभर बागेत शेकोट्या पेटवितात. अशाच एका पहाटे आमच्या मंडळीची जुनी डिझेल व्हॅन चालू होईना. आत एक वृद्ध मावशी शाल पांघरून बसल्या होत्या. त्यांस आठवड्यातून दोनदा नाशिकास डायलिसिसकरिता न्यावे लागते.

कोणी म्हणाले, ढकला. कोणी पेटता बोळा हवेच्या नळीशी धरावयास निघाला. एका तरुणाने तर ईथरचा फवारा आणिला. त्याचा हात मात्र आम्ही धरिला, कारण तापलेल्या ग्लो प्लगपाशी ईथर अवेळी भडकून पिस्टन फुटण्याचे भय असते. शेवटी शेजारच्या बागाइतदाराने आपली पिकअप काढिली. मावशी दोन तास उशिरा पोहोचल्या व संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिल्या. उपासनेस कधी न येणारा तो गृहस्थ त्या दिवशी खरा शेजारी ठरला, हे आम्ही लाजेने लिहितो.

दोष थंडीचा होता काय? नव्हे. दिवाळीपासून ती गाडी आम्हांस सांगत होती. सकाळी स्टार्टर फार वेळ फिरवावा लागे, मग पांढरा धूर निघे, एंजिन थरथरे, आणि काही वेळाने सर्व सुरळीत होई. सुरळीत झाले म्हणजे आम्ही विसरत असू. पंचांपैकी एकाने विषय काढिला तेव्हा “थंडी गेली की पाहू” असे उत्तर आम्हीच दिले होते.

डिझेल एंजिनात ठिणगी नसते. हवा पुरेशी दाबली म्हणजे ती इतकी तापते की तीत सोडलेले तेल आपोआप पेट घेते. रुडोल्फ डिझेल यांनी १८९७ साली हे यंत्र यशस्वी करून दाखविले. पुढे १९०९ साली बेंझ कारखान्यातील प्रॉस्पर लोरांज यांनी सिलिंडराच्या माथ्याशी एक लहानसा पूर्वकक्ष योजिला. आमच्या गाडीचे एंजिन त्याच कुळातील आहे. त्यात हवा दाबून सुमारे विसाव्या हिश्शावर आणिली जाते, तरी पहाटेचे गार लोखंड ती उष्णता पिऊन टाकते. म्हणून प्रत्येक पूर्वकक्षात पेन्सिलीएवढा एक ग्लो प्लग असतो. आमचे मिस्त्री त्यास हीटर प्लग म्हणतात. किल्ली अर्धी फिरविली की तो काही क्षणांत लालबुंद होतो. गाडी चालू झाल्यावर त्याची कोणास आठवणही राहत नाही.

मिस्त्रीने तारा सोडवून टेस्ट लॅम्प लाविला, तो चारांपैकी दोन प्लग मेलेले निघाले. फार जुन्या गाड्यांत वीज एका प्लगातून दुसऱ्यात जात असे. एक तुटला की सगळेच बंद, आणि मालकास त्याच दिवशी कळे. आमच्या गाडीत प्रत्येकास वीज स्वतंत्र मिळते. एक मेला तर उरलेले तीन त्याचे मरण झाकून ठेवितात. ही सोय आहे, परंतु आम्हांस ती भयंकरही वाटते. मंडळीत काही घरे थंड पडली तरी उरलेल्यांच्या उबेवर उन्हाळा निघून जातो. गायन होते, वर्गणी जमते. आजाऱ्याच्या दारी पहाटे पाचास जाण्याची पाळी आली म्हणजे मग कोण थंड आहे ते दिसते. त्या पहाटे ते आम्ही होतो. दृष्टांतातील पाच कुमारींजवळ दिवे होते, तेल नव्हते. आमची तर टाकी तेलाने भरलेली होती.

जुने प्लग काढणे हे उतावळ्याचे काम नव्हे. जोर केला तर प्लग हेडातच मोडतो आणि मग सारे हेड उतरवावे लागते. मुळाशी गंज सोडविणारे तेल रात्रभर मुरविले, दुसऱ्या दिवशी उन्हात एंजिन गरम करून घेतले, बॅटरीची तार सोडली, आणि पाना थोडा मागे, थोडा पुढे असा फिरविला. तीन निघाले. चौथा अडला. आम्ही म्हटले, “जरा जोर लावा.” मिस्त्रीने पाना खाली ठेविला, पुन्हा तेल सोडले आणि तो चहास निघून गेला. तासाभराने तो प्लग निमूटपणे सुटला. भोकांतील काजळी खरवडून, फ्यूज व रिले तपासून, नवे चारही प्लग आधी हातानेच आटे बसवून लाविले; सारे एकाच वयाचे असल्यामुळे दोनच बदलण्यात अर्थ नव्हता. जुन्यांतील जे दोन अजून तापत होते ते कापडात गुंडाळून गाडीच्या खणात ठेविले आहेत.

सोमवारी पहाटे पिवळा दिवा लागला, विझला, आणि किल्ली फिरविताच एंजिनाने आवाज दिला. मावशींनी मागे वळून पाहिले व म्हणाल्या, “पाळकसाहेब, आज धूर कुठे गेला?” आम्ही काही न बोलता गियर टाकिला.