योसेफाला घातलेली शपथ

शास्त्रभाग : उत्पत्ती ४७:२७-३१, ४८:१, ५०:४-६

संडे-स्कूलमध्ये आपण योसेफाची गोष्ट झग्यापासून सुरू करतो आणि मिसर देशात बापलेकांची भेट झाली की बहुधा थांबवतो. पुढचा भाग शिकवायचा राहून जातो. याकोब मिसरात सतरा वर्षे राहिला. आपला मरणकाळ जवळ आला असे पाहून त्याने योसेफाला बोलावले आणि मला या देशात पुरू नकोस, वाडवडिलांच्या कबरेत ने, अशी शपथ त्याला घ्यायला लावली. बाप आजारी असल्याचे योसेफाला कळते ते त्यानंतर, पुढच्या अध्यायात. क्रम लक्षात घ्या. बोलणे आधी झाले, आजार मागाहून आला.

याकोब पुरण्याविषयी बोलला, औषधोपचाराविषयी नव्हे. शास्त्रभागाला ओढूनताणून अर्थ चिकटवणे मला पसंत नाही. पण बापाची रीत घेण्यासारखी आहे.

पेडण्यातील एखाद्या घरी म्हातारे माणूस अत्यवस्थ झाले की गाडी कोलवाळचा पूल ओलांडून म्हापशाला, नाही तर थेट बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात जाते. डिचोलीच्या रोग्यालाही पुष्कळदा शेवटी बांबोळीच गाठावी लागते. तेथे अतिदक्षता विभागाच्या दाराशी डॉक्टर विचारतात, श्वासासाठी नळी घालून व्हेंटिलेटर लावायचा का? मुंबईचा मुलगा फोनवर म्हणतो, काही शिल्लक ठेवू नका. वर्षभर अंथरूण-पांघरूण काढणारी मुलगी म्हणते, आता बाबांना त्रास नको. दोघांचीही माया खरी असते. फक्त बाबांना काय हवे होते, हे दोघांपैकी कोणी कधी विचारलेले नसते.

ही केवळ आपल्या घरांची उणीव नाही. अमेरिकेतील पाच रुग्णालयांत नऊ हजारांहून अधिक अतिगंभीर रोग्यांचा मोठा अभ्यास झाला आणि तो १९९५ साली प्रसिद्ध झाला. हृदय बंद पडले तर ते पुन्हा चालू करण्याची खटपट नको, असे ज्या रोग्यांना वाटत होते, त्यांची ती इच्छा निम्म्याहून कमी डॉक्टरांना ठाऊक होती. मग प्रशिक्षित परिचारिका नेमून रोग्यांची इच्छा डॉक्टरांपर्यंत पोहोचवण्याचा प्रयत्न झाला. त्यानेही फरक पडला नाही. बोलणे खाटेपाशी सुरू झाले, म्हणजे फार उशिरा. उलट मेलबर्न येथे ऐंशी वर्षांवरील रोग्यांशी शांतपणे, घरच्यांना सोबत घेऊन बोलणी करण्यात आली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जे रोगी पुढे वारले, त्यांच्यापैकी बोलणी झालेल्या ८६ टक्क्यांची इच्छा कळली व पाळली गेली. बाकीच्यांत हे प्रमाण ३० टक्के होते. मागे राहिलेल्या नातेवाइकांचे मनही कमी खचले.

कोणी विचारील, यंत्र नाकारणे हा अविश्वास नाही काय? यंत्राची निंदा कोणी करू नये. मण्यार चावलेला शेतकरी श्वास घेऊ शकत नाही; व्हेंटिलेटर काही दिवस त्याच्यासाठी श्वास घेतो, विष उतरते आणि तो पायांनी घरी जातो. ही देवाची देणगीच आहे. पण रोगाला परतीची वाटच उरलेली नाही, तेथे तेच यंत्र केवळ मरण लांबवते. तेथे ते थांबवणे म्हणजे मारणे नव्हे. माणूस रोगाने जातो. वेदना शमवणे, तोंड ओले करणे, हात धरून बसणे ही सेवा मात्र थांबत नाही.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर ४२ वर्षे अंथरुणावर होत्या. त्यांच्या खटल्यात २०११ साली या प्रश्नाला न्यायालयाचे दार उघडले. पुढे ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय इच्छापत्र मान्य केले आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची रीत सोपी केली. आता दंडाधिकाऱ्याची सही लागत नाही. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. आपल्या वतीने कोण बोलेल, हेही त्यात लिहायचे असते. तरीही उपचार थांबवण्यापूर्वी डॉक्टरांची दोन मंडळे रोग्याची स्थिती तपासतात. घाईला वाव नाही. याची अंमलबजावणी देशात प्रथम गोव्याने हाती घेतली. २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे तेव्हाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी गोव्यातील पहिले असे इच्छापत्र केले.

फारोची परवानगी मागताना योसेफाला स्वतःचे मत मांडावे लागले नाही. बापाने शपथ घ्यायला लावली आहे, एवढेच त्याने कळवले आणि फारोने त्याला जाऊ दिले. मुंबईच्या मुलाला व घरच्या मुलीलाही असे एक वाक्य हाताशी असले, तर दाराबाहेरचा वाद होणार नाही, आणि पुढची दहा वर्षे एकमेकांना दोषही द्यावा लागणार नाही.

इच्छापत्र केव्हाही बदलता येते, रद्दही करता येते. आणि ते कपाटात कुलूपबंद ठेवून उपयोग नाही. याकोबानेही योसेफाची शपथ झाल्यावर सगळ्या मुलांना खाटेभोवती बोलावून तीच गोष्ट पुन्हा सांगितली, शेताचे नाव आणि कोणाकडून विकत घेतले त्याचे नाव यांसकट.